आपल्या अभिप्रायास उत्तर: दत्तक पिल्लाचे ४,००० रुपये

सप्रेम नमस्कार. घोडबंदर रोडवरील आमच्या श्वान बोर्डिंगमध्ये ‘दत्तक’ या नावाखाली एका देशी पिल्लाचे ४,००० रुपये घेतले आणि अकराव्या दिवशी पिल्लू परत आणल्यावर त्यातला एक रुपयाही परत दिला नाही, असे आपण एक तारा देऊन लिहिले आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

देशी पिल्लू रस्त्यावर फुकट मिळते, हेही खरे. हे पिल्लू आम्हालाही तसेच मिळाले. जुलैच्या अखेरीस सर्व्हिस रोडवर आई गाडीखाली गेली आणि जेमतेम दहा दिवसांची चार पिल्ले कोणीतरी खोक्यात घालून आमच्या दाराशी ठेवून गेले. त्या वयात पिल्लाला अंगाची ऊब टिकवता येत नाही, गाईचे दूध नीट पचत नाही, आणि आई चाटते तसे ओल्या कापसाने पुसल्याशिवाय ते शी-शूदेखील करत नाही. दर अडीच-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, कोणीतरी उठून हे सगळे करावे लागते.

वहीतला हिशेब असा: पिल्लांची दूध पावडर आणि नंतरचे खाणे ११,२०० रुपये, प्रत्येकी दोन अशा आठ लसी ६,४००, जंताचे औषध, डॉक्टरांची तपासणी आणि एकाला जुलाब झाले तेव्हाचे सलाईन मिळून ६,८००, १८ रात्रींची जादा मजुरी ९,०००. एकूण ३३,४००, म्हणजे पिल्लामागे ८,३५०. देशी म्हणून लस कोणी स्वस्तात देत नाही.

खोलीचे भाडे यात धरलेलेच नाही. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लांना पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा धोका असतो आणि तो विषाणू फरशीवर महिनोन्महिने तग धरतो, त्यामुळे त्यांना बोर्डिंगच्या कुत्र्यांजवळ ठेवता येत नाही. गणपतीत निम्मे ठाणे कोकणात जाते आणि आमच्याकडे जागेसाठी रांग लागते. यंदा तेव्हाच आमची सर्वांत मोठी खोली या चौघांनी अडवली होती. (तक्रार नाही. बोर्डिंग चालते म्हणूनच पिल्ले सांभाळणे परवडते.)

२०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. आम्ही विक्री करत नसलो तरी ती मर्यादा पाळतो, आणि आपले पिल्लू दहा आठवड्यांचे झाल्यावरच दिले होते. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू माणसांना, लिफ्टला, कुकरच्या शिट्टीला सरावते. त्यातले काही दिवस त्याचे घर बदलण्यात गेले. परत आल्यावर दोन आठवडे त्याला भावंडांपासूनही वेगळे ठेवावे लागत आहे, आणि चौकशीला येणारे बहुतेक जण त्याहून लहान पिल्लू मागतात.

घरमालकांनी नकार दिल्यामुळे पिल्लू परत करावे लागले, असे आपण सांगितलेत. फॉर्ममध्ये ‘परवानगी आहे’ असे आपण लिहिले होते. तरीही भाड्याच्या घरासाठी मालकांचे पत्र मागण्याची आमची पद्धत आहे आणि या वेळी ते मागितले गेले नाही. दिवाळीचे बुकिंग सुरू झाले होते आणि खोली मोकळी करण्याची घाई आम्हाला होती, हे कबूल करणे भाग आहे. शिवाय पैसे परत मिळणार नाहीत ही अट फॉर्मच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरात होती. ती आता सहीच्या वर, मोठ्या अक्षरात घेतली आहे.

पिल्लू परत घेताना आमचा सहकारी आपल्याशी तुसडेपणाने बोलला, त्याबद्दल दिलगीर आहोत; पिल्लू रस्त्यावर न सोडता आपण आमच्याकडेच आणलेत, याची जाण त्याला असायला हवी होती. संपूर्ण रक्कम परत करणे शक्य नाही, कारण ती त्याच पिल्लावर खर्च झाली आहे. मात्र पत्र न मागण्याची चूक आमची असल्याने २,००० रुपये, ज्या खात्यातून आले त्याच खात्यावर, या शनिवारपर्यंत जमा करत आहोत. लसीकरणाचे कार्ड बहुधा आपल्याकडेच राहिले आहे. पुढच्या डोसला ते लागेल, तेवढे कृपया पाठवावे.