साडेतीन तासांचा सामना आणि पंचवीस मिनिटांचा पडदा

लंडनमधल्या एका पबने आमच्याकडून तीन आठवडे आधी अनामत रक्कम घेतली, 'मोठा पडदा तुमचा आणि आवाजही तुमचाच' असे ईमेलवर लिहून दिले, आणि ऐन सामन्यात आम्हाला स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळातल्या टीव्हीसमोर नेऊन उभे केले. या गोष्टीला बरेच दिवस झाले, तरी आठवण झाली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सामना साधासुधा नव्हता. मिशिगन आणि ओहायो स्टेट ही दोन विद्यापीठे अमेरिकी फुटबॉलमध्ये १८९७ साली पहिल्यांदा भिडली आणि १९१८ पासून, २०२० चे करोनाचे वर्ष वगळता, दरवर्षी भिडत आली आहेत. त्याच्याही आधी, १८३५ मध्ये, ओहायो राज्य आणि तेव्हा अजून राज्य न झालेला मिशिगन प्रदेश टोलेडो शहरावरून हमरीतुमरीवर आले होते. सीमावाद म्हटल्यावर मराठी माणसाला अधिक काही समजावून सांगायला नको. पुण्याहून एम.एस.साठी मिशिगन विद्यापीठाच्या गावी, अ‍ॅन आर्बरला गेलो, तेव्हा चेंडू हातात घेऊन पळण्याच्या या खेळाला फुटबॉल का म्हणतात हेच मला कळत नव्हते. मात्र १,०७,६०१ आसनांच्या त्या स्टेडियममध्ये पहिला नोव्हेंबर कुडकुडत काढल्यावर माणूस तटस्थ राहूच शकत नाही. सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या कोलंबस शहरात ओहायोवाले आवारातल्या पाट्यांवरचे मिशिगनचे 'एम' हे अक्षरसुद्धा लाल फुलीने झाकतात. आता मी लंडनमध्ये राहतो आणि वर्षातला हा एक शनिवार मी कोणालाही देत नाही, अगदी घरच्या लग्नकार्यालाही नाही.

३० नोव्हेंबर २०२४ चा सामना कोलंबसला दुपारी बाराला, म्हणजे लंडनच्या संध्याकाळी पाचला, सुरू होणार होता. आमचे पिवळे-निळे आणि त्यांचे लाल-राखाडी, असे दोन्हीकडचे माजी विद्यार्थी मुद्दाम एकत्र बोलावले होते, कारण समोर चिडवायला कोणी नसेल तर या सामन्यात अर्धीच मजा उरते. पाच वाजता सामना सुरू झाला. पाच पंचविसाला मॅनेजरने एक शब्दही न बोलता मोठा पडदा बदलला, कारण साडेपाचला वेस्ट हॅम आणि आर्सेनल यांचा सामना होता. शनिवारी साडेपाचला प्रीमियर लीगचा सामना असतो हे लंडनमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, मग ते पब चालवणाऱ्याला तीन आठवडे आधी आमचे पैसे मोजताना ठाऊक नव्हते काय? वर हे महाशय आम्हाला ऐकवतात की, तुमचा खेळ तसाही दर दहा सेकंदांनी थांबतो, त्यामुळे आवाज नसला तरी काही बिघडत नाही!

आर्सेनलच्या त्या सामन्यात पहिल्याच डावात सात गोल व्हावेत, हेही आमचेच नशीब. प्रत्येक गोलाला पब दणाणत होता, आणि आम्ही वीसबावीस माणसे माना उंचावून एका मुक्या टीव्हीवर पंचांनी नियमभंगाचा झेंडा कशासाठी टाकला याचे तर्क लढवत होतो. त्यातच प्रत्येक मिनिटाला कोणीतरी 'जरा सरका' म्हणत मधून स्वच्छतागृहाकडे जात होते. ओहायोवाले बिचारे आमच्याइतकेच संतापले होते. शंभराहून अधिक वर्षांच्या वैऱ्यांना एका सुरात तक्रार करायला लावण्याचा पराक्रम या मॅनेजरने करून दाखवला.

सात पंचविसाला आर्सेनल जिंकले, तरी पडदा परत मिळाला नाही, कारण आता तज्ज्ञांची चर्चा होती. इकडे मध्यंतराला १०-१० अशी बरोबरी होती आणि नंतर कोणालाच एक गुण मिळत नव्हता. दुसऱ्या क्रमांकावरच्या ओहायो स्टेटसमोर आमचा त्या वर्षीचा रडतखडत चाललेला संघ तग धरून होता, आणि असा दिवस आयुष्यात कितीदा येतो? शेवटची ४५ सेकंद उरली असताना आमच्या झ्वाडाने २१ यार्डांवरून फील्ड गोल मारला, म्हणजे खांबांमधून चेंडू लाथाडून तीन गुण मिळवले, पण तो मी पाहण्याआधीच खिशातला फोन थरथरला, कारण पबचे प्रक्षेपण निदान अर्धा मिनिट मागे होते आणि अ‍ॅन आर्बरच्या मित्राला धीर नव्हता. १३-१० असा विजय मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळला.

सामना संपल्यावर आमच्या खेळाडूंनी त्यांच्या मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवायचा प्रयत्न केला, मारामारी जुंपली आणि पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला. हे बोळातून जाता जाता मॅनेजरच्या नजरेस पडले. त्याने तत्परतेने ती मारामारी मोठ्या पडद्यावर लावली, आवाज पूर्ण वाढवला, साडेबारा टक्के सेवाशुल्क धरून केलेले बिल माझ्या हातात दिले आणि हसत विचारले की, पुढच्या वर्षीचे आरक्षण आत्ताच करून टाकायचे का?