'सोपा' हा शब्द मीच लिहिला होता

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया ऑफिसात वाचली आणि पहिल्याच वाक्यावर फोन उलटा ठेवून दिला. संध्याकाळी घरी येऊन, चहा घेऊन, पुन्हा शांतपणे वाचली. दोन ओळींत उरकण्यासारखी ती नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लोणावळ्याजवळच्या लोहगडावरचा माझा 'पहिल्या ट्रेकसाठी सोपा किल्ला' हा लेख वाचून ताई, त्यांच्या ५८ वर्षांच्या आई, ११ वर्षांचा मुलगा आणि ऑफिसातल्या दोन मैत्रिणी असे पाच जण जुलैतल्या एका रविवारी निघाले. साडेदहाला मळवलीला लोकलमधून उतरले. मी लिहिलं होतं पाऊण तास, त्यांना माथ्यावर पोचायला साडेतीन तास लागले. उतरताना दरवाज्यांत गर्दी तुंबली, आईंचे गुडघे धरले, मुलाचा पाय शेवाळावरून दोनदा सटकला, पाणी संपलं आणि स्टेशनात परत येईपर्यंत अंधार पडला. शेवटचं वाक्य तर जिव्हारी लागलं : "ज्याला सोपं वाटतं त्याने सोपं लिहू नये."

आधी माझी चूक. तो पाऊण तास गडाच्या पायऱ्यांखालच्या लोहगडवाडीपासूनचा आहे. मी मोटरसायकलने वाडीपर्यंत जातो, गाडी लावतो आणि चढायला लागतो, त्यामुळे माझ्या डोक्यात लोहगड तिथून सुरू होतो. तुमची प्रतिक्रिया आल्यावर लेख पुन्हा उघडला, तर 'वेळ : पाऊण तास' याच्या बरोबर खालच्या परिच्छेदात 'लोकलने मळवलीला उतरावं' असंही मीच लिहून ठेवलंय. वाचणाऱ्याने दोन्ही जोडून मळवली ते माथा पाऊण तास असाच अर्थ काढायचा ना? तुम्ही तेच केलंत. माफ करा.

आता हिशोब करून बघू. मळवली स्टेशनवरून एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडून भाजे गाव, तिथून वळणावळणाने चढणारा रस्ता, लोहगड आणि शेजारचा विसापूर किल्ला यांच्यामधली गायमुख खिंड, मग लोहगडवाडी, मग पायऱ्या. सगळं मिळून सहा किलोमीटरच्या आसपास चाल. गडाची उंची १,०३३ मीटर धरतात, म्हणजे स्टेशनपासून चढण साधारण सव्वाचारशे ते साडेचारशे मीटर, फुटांत चौदाशेच्या घरात. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा सांगितला होता, तो आजही डोंगरात वापरतात : तासाला तीन मैल, आणि चढणीच्या दर हजार फुटांना आणखी अर्धा तास. या हिशोबाने मळवली ते माथा दोन तास होतात. पण हे दोन तास सवयीच्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचे आहेत. त्यात फोटो नाहीत, बुटात शिरलेला खडा काढणं नाही, कणीस नाही आणि जुलैतला आपला दमट घामटा तर नाहीच. नवख्यांसाठी मी आता दीडपट धरतो. तीन तास. तुम्ही अर्धा तास जास्त घेतलात, तोही आईंना आणि मुलाला बरोबर घेऊन. तुमचा वेग अजिबात वाईट नव्हता ताई, माझा आकडा वाईट होता.

रविवारबद्दल मात्र मी लेखात लिहिलं होतं. शेवटून दुसऱ्या ओळीत, कंसात. मान्य, ती काही ठळकपणे सांगण्याची जागा नव्हे. २०२३च्या पावसाळ्यात याच दरवाज्यांमध्ये माणसं तासन्‌तास अडकल्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरत होते. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारं एकापाठोपाठ आहेत, आणि त्यांना जोडणारी वाट मुद्दाम वळवत नेलेली आहे. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला तटबंदी. वर येणारा शत्रू प्रत्येक वळणावर माऱ्यात सापडावा, घोळक्याने वर घुसता येऊ नये, यासाठी ही रचना. आता तिथे रविवारी घोळक्याने आपण घुसतो. किल्ला त्याचं काम चोख करतो, आपण अडकतो. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे, तेव्हा गर्दी यापुढे कमी होईल अशी आशा धरू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला शनिवार, किंवा रजा टाकून मधला वार, हेच खरं. पावसाळ्यात जायचंच असेल तर आदल्या दिवशी बातम्या बघा, मावळातल्या पर्यटनस्थळांवर जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश निघतात.

पण तुमच्या प्रतिक्रियेतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते उतरण्याबद्दलचं. लेखात मी चढणीवर सहा परिच्छेद लिहिले आणि उतारावर एक वाक्य : 'उतरायला अर्धा वेळ पुरतो.' हे मला लागू पडतं. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा डोंगर चढलाय त्याला लागू पडत नाही. चढताना दम लागतो, माणूस थांबतो, दम परत येतो. उतरताना दम लागत नाही म्हणून कुणी थांबत नाही, आणि मांडीचे स्नायू ब्रेकसारखे दाबून धरलेलेच राहतात. दर पायरीला सगळं वजन वाकलेल्या गुडघ्यावर. त्यात लोहगडाच्या पायऱ्या दगडी, उंच, एकीसारखी दुसरी नाही. लोकांना वाटतं पायऱ्या आहेत म्हणजे सोपं. माझ्या मते उलट आहे. मातीच्या वाटेवर पाऊल केवढं टाकायचं ते आपण ठरवतो, पायऱ्यांवर ते बांधणाऱ्याने ठरवून ठेवलेलं असतं.

हे मला कळायला माझे वडील लागले. ६३व्या वर्षी, जानेवारीत, मी त्यांना लोहगडावर नेलं होतं, वाडीपर्यंत गाडीने. प्रत्येक दरवाज्यात बसायचं असं ठरलं होतं. नारायण दरवाज्यात ते अर्धा तास शेंगा खात बसले आणि टरफलं सदऱ्याच्या खिशात भरत राहिले. तिथेच नाचणी आणि भात साठवायची भुयारासारखी कोठी आहे, ती वाकून वाकून बघितली. मला घाई, त्यांना नाही. वर जायला पावणेदोन तास लागले आणि काही बिघडलं नाही. खरी गंमत उतरताना. महादरवाज्याखाली दोन उंच पायऱ्या आल्यावर ते सरळ खाली बसले, हात मागे टेकले, पाय खाली सोडले आणि घसरत उतरले. मागून कॉलेजची पोरं येत होती. मला लाज वाटली, त्यांना नाही. "आमची आई माळ्यावरून अशीच उतरायची," एवढंच म्हणाले आणि पँट झटकली. त्या दिवशी आमच्यात गुडघे न दुखलेला माणूस तोच होता, मी नव्हतो. आईंना पुढच्या वेळी हे नक्की सांगा. एक काठी, उंच पायरीवर आडवं उतरायचं, आणि जिथे शंका तिथे सरळ बसायचं.

मुलाच्या पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं असं तुम्ही लिहिलंय. ते दगडावर आपटून झालेलं नसणार. उतरताना पाय बुटात पुढे सरकतो आणि नख तासभर बुटाच्या टोकावर आदळत राहतं. आदल्या रात्री नखं कापायची, आणि माथ्यावरून निघताना खाली बसून नाड्या सोडून पुन्हा बांधायच्या, घोट्यापाशी घट्ट, म्हणजे टाच मागे धरून राहते. दोन मिनिटांचं काम आहे. शाळेचे कॅनव्हासचे बूट मात्र पावसाळ्यात नकोत, तळ गुळगुळीत असतो, शेवाळावर सुरीसारखा जातो.

पाण्याचं म्हणाल तर माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात तीन, आणि त्यातलं अर्धं माथ्यावरून निघताना शिल्लक हवं. गडावर नाना फडणवीसांनी बांधलेलं सोळाकोनी तळं आहे, बघायला सुंदर, प्यायला नाही.

आता जिथे तुमचं पटत नाही ते. तुम्ही लिहिलंय, "पन्नाशीच्या पुढच्यांना आणि लहान मुलांना नेऊच नका, असं स्पष्ट छापा." हे मी छापणार नाही. तुमच्या दिवसात वय आडवं आलं असं मला दिसतच नाही. आडवा आला माझा आकडा, रविवार, साडेदहाची वेळ, आणि आणखी एक गोष्ट जी तुमच्या प्रतिक्रियेत सहज येऊन गेलीय : "विंचूकाटा बघितल्याशिवाय जायचं नाही असं मैत्रिणींनी धरलं." दोन वाजता! विंचूकाटा म्हणजे दीड किलोमीटर लांब माचीची सोंड. त्यात शिरायचं तर माथ्यावरून एक कातळटप्पा खाली उतरावा लागतो आणि परत तोच चढावा लागतो, जुलैत तो निसरडा. जाऊन येऊन दीड तास सहज मोडतो. तिथेच तुमची उजेडाची वेळ गेली.

म्हणून मी वेळ उलटी मोजतो. परतीची लोकल कुठली पकडायची ते आधी. दुपारी लोणावळा-पुणे लोकलना मोठी खिंड पडते, त्यामुळे वेळापत्रक त्याच आठवड्यात बघून ठेवायचं. त्या लोकलच्या आधी तासभर भाज्यात, त्याच्या आधी दोन-अडीच तास माथ्यावरून निघायचं. जो आकडा येईल ती परत फिरायची वेळ. तेव्हा आपण जिथे असू तिथून मागे. वर पोचलो नसू तरी.

हे ऐकायला सोपं आणि करायला फार अवघड आहे, कारण अर्ध्यातून फिरणं लोकांना हरल्यासारखं वाटतं. त्यावर माझा उपाय असा की वाटेत थांबायला बरी वाटेल अशी जागा आधीच ठरवायची. या वाटेवर ती आयती आहे. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरायला घेतलेली, आणि मोठ्या चैत्यगृहाच्या छताला त्या काळच्या लाकडी कमानी अजून आहेत. मान वर करून त्या बघत बसलेल्या माणसाला 'तुम्ही वर नाही आलात?' असं कोण विचारणार? एकजण आईंबरोबर तिथे थांबला असता, बाकीचे वर गेले असते, तर दिवस सगळ्यांचाच झाला असता. किंवा मळवलीहून रिक्षा ठरवून थेट लोहगडवाडी. भाडं आणि परत न्यायची वेळ दोन्ही आधीच बोलून घ्यायचं. त्यात कमीपणा काही नाही.

मुलगा आता कळसूबाई म्हणतोय, असं लिहिलंय तुम्ही. रील बघितलं असणार. कळसूबाई १,६४६ मीटर, आणि बारी गावातून चढण मळवली-लोहगडाच्या जवळपास दुप्पट. त्याला अजून दोन वर्षं थांबू द्या. मध्ये तिकोना करा, फक्त त्याला घेऊन. शेवटच्या पायऱ्या खड्या आहेत, त्याला आवडतील, आईंना नकोत. आईंसाठी कोरीगड. पेठ शहापूरहून पायऱ्यांची बेताची चढण, वर मोठं पठार, दोन तळी, कोराईदेवीचं देऊळ आणि सलग तटावरून निवांत फेरी. वर पोचल्यावर चढउतार जवळजवळ नाहीच. सकाळी सातला चढायला लागा, पोह्याचा डबा देवळापाशी उघडा.

मूळ लेखात काल रात्री बदल केलेत. वेळ दोन ठिकाणांहून वेगवेगळी दिलीय. उतारावर आता चार परिच्छेद आहेत. रविवार कंसातून बाहेर काढून सगळ्यात वर आणलाय. आणि शीर्षकातून 'सोपा' काढला. नवीन शीर्षक 'लोहगड : लोहगडवाडीतून, हिवाळ्यातल्या शनिवारी, सकाळी लवकर' असं आहे. बायको म्हणते हे शीर्षक नाही, पत्ता आहे. असू दे.

आईंचे गुडघे आता कसे आहेत ते जरूर कळवा.