‘पीक हाती आले की मन ताळ्यावर येते’ : एका संदेशाचा प्रतिवाद

कापसाच्या भावावरून किंवा बोंडअळीवरून बोलणे निघाले की आमच्या यवतमाळ-वर्धा भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास येतो. ताण हा निव्वळ मनाचा खेळ आहे. कष्टाची सवय असलेल्या शेतकऱ्याला तो बाधत नाही. कर्ज फिटले, पीक हाती आले की माणूस आपोआप ताळ्यावर येतो. डॉक्टरकडे गेल्यास गोळ्यांची कायमची सवय लागते. आणि समुपदेशन ही शहरातली थेरं आहेत, असा त्याचा आशय. लिहिणाऱ्याचा हेतू धीर देण्याचाच असावा, पण यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

पहिले विधान तर १९३६ सालीच मोडीत निघाले. ताणाचे संशोधक हान्स सेल्ये यांनी त्या वर्षी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिले की थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्य असे आघात परस्परांहून कितीही वेगळे असले, तरी उंदरांच्या शरीरात होणारे बदल सारखेच असतात : मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीत बदल होतो, रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस ग्रंथी आकसते आणि पचनमार्गात व्रण पडतात. माणसातही मेंदूकडून निघालेला इशारा या ग्रंथींपर्यंत पोहोचतो आणि कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक रक्तात उतरते. धोका टळल्यावर हेच कॉर्टिसॉल मेंदूला थांबण्याची खूण करते. धोका महिनोन्‌महिने टळलाच नाही, तर ही व्यवस्था बिघडू लागते.

कष्टाच्या सवयीबद्दलचा युक्तिवाद वरवर पटणारा आहे, कारण उन्हातान्हात राबून शरीर काटक होते हे खरेच आहे. मात्र दुबार पेरणी करावी लागणे किंवा विकण्याच्या दिवशीच भाव कोसळणे हे कष्ट नव्हेत. आपल्या हाती काहीच नाही, ही जाणीव त्यात असते, आणि जो आघात आवरता येत नाही तोच शरीराला जास्त घातक ठरतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांत वारंवार दिसले आहे. अशा ताणाची झीज साठत जाते, हा विचार मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकइवेन यांनी १९९३ मध्ये सविस्तर मांडला.

तिसरे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण घरचे लोक त्याच भरवशावर उलंगवाडीपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, थांबून राहतात. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न तपासला. उंदरांना दहा दिवस रोज दोन तास जखडून ठेवल्यावर मेंदूतल्या स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागातील चेतापेशींच्या फांद्या आखडल्या, तर भीतीशी निगडित असलेल्या ॲमिग्डलामधील फांद्या उलट वाढल्या. त्यानंतर एकवीस दिवस कसलाही ताण न देता ठेवले असता हिप्पोकॅम्पस सावरला. ॲमिग्डलातली वाढ आणि उंदरांचा भित्रेपणा मात्र तसाच राहिला. त्यांच्याच २००५ च्या प्रयोगात तर एकदाच दोन तास दिलेल्या ताणाचा परिणाम ॲमिग्डलामध्ये दहा दिवसांनी उमटलेला आढळला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि माणसाला उपचारांचा, सोबतीचा आधार मिळू शकतो. तरीही कर्ज फिटल्यावरही बँकेचा फोन वाजला की दचकणाऱ्या आणि रात्र जागून काढणाऱ्या माणसाला ‘आता कशाला रडतोस’ असे विचारण्यात काहीच अर्थ नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

गोळ्यांबाबत संदेशात दोन वेगळ्या औषधांची सरमिसळ झाली आहे. झोपेच्या व घबराटीच्या काही गोळ्यांची सवय खरोखर लागते. नैराश्यावरील औषधांची दारूसारखी तलफ लागत नाही, परंतु ती अचानक बंद केल्यास चक्कर, बेचैनी असे त्रास होऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागतात.

राहिला शहरी थेरांचा आरोप. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि समुपदेशक यांच्यामार्फत काम केले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मदत गावात आणि आपल्या बोलीत मिळाली, तेव्हा याच वऱ्हाडातली माणसे ती घ्यायला पुढे आली. आज ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, त्यावर मराठीतून बोलता येते, आणि फोन करण्यासाठी पीक हाती येण्याची वाट पाहावी लागत नाही.