नऊ वर्षांचा खंड

गेल्या शरद ऋतूत आमच्या शेजाऱ्याने आपल्या सगळ्या कुरणांवर चुना टाकला. मध्य फ्रान्समधील क्रोझ जिल्ह्यात मी राहते त्या खेड्याची जमीन ग्रॅनाइटवरची, मुळातच आम्ल. चुन्याने गवत सुधारते, पण तो खर्च भरून यायला चार-पाच वर्षे जातात. ही कुरणे त्याच्या मालकीची नसून खंडाने घेतलेली आहेत, हे पुढे कळले तेव्हा मला खटाव तालुक्यातील आमचे सात एकर आठवले.

येथे 1945-46 साली झालेल्या कायद्यांनुसार शेतजमिनीचा खंड किमान नऊ वर्षांचा असतो. करार केवळ तोंडी असला तरी कायदा तो नऊ वर्षांचाच धरतो. खंडाच्या रकमेच्या किमान आणि कमाल मर्यादा सरकारचा जिल्ह्यातील प्रतिनिधी ठरवून देतो. मालकाने जमीन विकायला काढली, तर ती घेण्याचा पहिला हक्क सहसा कसणाऱ्याचा असतो. खंड वेळेवर पोहोचत असेल, तर मालकाला सहसा स्वतः किंवा मुलाबाळांनी कसण्यासाठीच जमीन परत मागता येते, आणि तेही मुदत संपण्यापूर्वी अठरा महिने कळवून. मात्र मालकी मूळ मालकाचीच राहते. जमीन मध्येच जाणार नाही याची खात्री असल्यामुळेच शेजारी ओक आणि हेझेलची कुंपणे दर हिवाळ्यात निगुतीने छाटतो आणि लिमूझां जातीच्या तांबूस गाईंसाठी पाण्याची सोय करतो.

आपल्याकडे 1948 चा कुळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 या कृषक दिनापासून कसणारी कुळे मालक मानली गेली. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांना जमीन मिळाली ही न्यायाचीच गोष्ट होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या कायद्याने मालकांच्या मनात बसलेली ‘कुळ लागेल’ ही धास्ती आजही गेलेली नाही. आमचे आप्पा जमीन अर्धेलीने, म्हणजे निम्म्या पिकाच्या बोलीवर, देतात, कागद करत नाहीत आणि दर पाडव्याला कसणारा बदलतात. नाव कुठेच नसल्यामुळे त्या माणसाला पीककर्ज मिळणे कठीण, नुकसानभरपाई आली तर ती सातबाऱ्यावरच्या नावाने येते, आणि जे शेणखत तीन वर्षे पुरते ते एका वर्षासाठी तो कशाला घालील? नीती आयोगाने 2016 साली मालकी अबाधित ठेवून जमीन खंडाने देण्याचा आदर्श कायदा सुचवला होता. तुकडेबंदीवर, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे करण्यावरच्या बंदीवर, आपण जेवढे हिरिरीने बोलतो, तेवढे यावर बोलत नाही, ही माझी तक्रार आहे.

अर्थात येथील कायद्याने गाव राखले असे मी म्हणणार नाही. कोकणातून माणसे मुंबईला जात, तसे क्रोझचे गवंडी एकोणिसाव्या शतकात वसंत ऋतूत पॅरिसला जाऊन हिवाळ्यात परतत. पुढे ते परतेनासे झाले. 1851 साली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 2 लाख 87 हजार होती, आज ती त्याच्या निम्मीही नाही. 2010 ते 2020 या दहा वर्षांत फ्रान्समधील सुमारे एक लाख शेते बंद झाली आणि सरासरी शेत 69 हेक्टरवर गेले. जमीन सहज परत मिळत नाही आणि खंडही फारसा येत नाही, ही येथील मालकांची तक्रार मला खोटी वाटत नाही. आपल्याकडे नऊ वर्षे कदाचित जास्त होतील. पाच वर्षांचा नोंदलेला करार आणि मालकी जाणार नाही याची लेखी हमी, एवढ्यानेही पुष्कळ बदलेल.

यंदा आप्पांकडे आलेला माणूस शेणखताच्या गाड्या आणायला तयार होता. पुढच्या पाडव्यालाही जमीन माझ्याकडेच राहील ना, एवढेच त्याने विचारले, आणि आप्पा गप्प राहिले.