काळी शी आणि अर्धं वाक्य

सोसायटीच्या ग्रुपवर आज सकाळी काकांनी परत तीच रील टाकलीय. वर सूचना, "मुलींच्या आयांनो, आवर्जून पाहा." लालभडक बीटाचा ग्लास, मागे रडकी बासरी, पांढरा कोट घातलेला एक तरुण आणि त्याचं वाक्य : "लोहाच्या गोळ्या तुमचं लिव्हर सडवतात. पुरावा हवाय? शौचाचा रंग बघा!" मग दोन रिपोर्ट झरझर येऊन जातात. हिमोग्लोबिन ८ वरून १२, सात दिवसांत. शेवटी पावडरचा डबा. खाली बावीस अंगठे.

तिसऱ्या मजल्यावरच्या अकरावीतल्या मुलीने याच रीलपायी पंधरा दिवस गोळ्या घेतल्या नव्हत्या. (तिला आणि तिच्या आईला विचारूनच लिहितेय.) हिमोग्लोबिन ८.६. जिना चढताना दम लागायचा, केस गळत होते, वर्गात झोप. गोळ्या सापडल्या दप्तराच्या चेनच्या कप्प्यात, चारच गोळ्या फोडलेली स्ट्रिप. आणि घरादाराचा निकाल काय? "मोबाईल काढून घ्या, या पिढीला अक्कलच नाही."

अहो, अक्कल कुणाला नाही? तिला गोळ्या देताना सांगितलं गेलं, "जेवणानंतर एक घे." वाक्य तिथेच संपलं. पुढचं अर्धं वाक्य होतं, "शी काळी होईल, घाबरू नकोस." ते डॉक्टर बोलले नाहीत, केमिस्ट बोलला नाही, आई बोलली नाही. चौथ्या दिवशी तिला ते दिसलं. सोळा वर्षांची मुलगी ही गोष्ट कुणाला सांगेल? फोनला विचारलं. फोनवर हा कोटवाला तयारच होता. आपण मोकळ्या सोडलेल्या जागेत तो येऊन बसला, इतकंच झालंय.

ओपीडीत शंभर पेशंट बसलेले असतात, डॉक्टरांना वेळ नसतो, मान्य. पण हे वाक्य बोलायला चार सेकंद लागतात.

तर ते उरलेलं वाक्य आधी पूर्ण लिहिते. ज्यांच्या घरात वयात आलेली मुलगी आहे त्यांनी हे आजच तिच्याशी बोलावं, गोळी सुरू होण्याआधी. गोळीतलं सगळं लोह शरीर उचलत नाही. उरलेलं आतड्यातून तसंच पुढे जातं, त्याचा रंग काळा किंवा काळपट हिरवा. लिव्हरचा यात काही संबंध नाही. घाबरायचं कधी? शी डांबरासारखी चिकट, चकचकीत, उग्र घाण वासाची असेल, किंवा काळ्या शीसोबत पोटात दुखत असेल, चक्कर येत असेल, तर ते रक्त असू शकतं, तेव्हा तडक डॉक्टर. मळमळ आणि बद्धकोष्ठ होतात, त्यावर जेवणानंतर घेणं, पाणी, पालेभाजी, आणि तरी नाही जमलं तर डॉक्टरांकडून गोळी बदलून घेणं. स्वतःहून बंद करायची नाही. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा-कॉफी नको, कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, दुधाच्या पेल्यासोबत तर अजिबात नको. लिंबू सरबत चालेल, उलट बरं. आणि हिमोग्लोबिन जागेवर आलं की दुसऱ्या दिवशी गोळी थांबवायची नसते. शरीराचा साठा भरायला आणखी साधारण तीन महिने जातात. इथेही पोरी गळतात, कारण "आता बरं वाटतंय ना?"

सरकारी शाळांत आठवड्याला जी निळी गोळी मिळते तिचंही हेच. ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, पोटात अन्न असताना. एका वर्गात पाच जणींना एकदम मळमळलं की "गोळीतून विषबाधा" ही बातमी संध्याकाळपर्यंत तालुकाभर. बहुतेक वेळा पोरी उपाशी असतात. सकाळी काही न खाता आलेल्या मुलीला ती गोळी प्रार्थनेनंतर देऊच नये, खिचडी झाल्यावर द्यावी.

आता रीलकडे. मुलांना यातून बाहेर काढायचं म्हणजे "नेटवरचं खोटं असतं" असं भाषण ठोकायचं, असं पुष्कळांना वाटतं. त्या भाषणाचा उपयोग शून्य. मूल मान डोलावतं आणि पुढची रील बघतं. फोन हिसकावला तर ते मैत्रिणीच्या फोनवर बघतं, एवढाच फरक. शेजारी बसायचं आणि म्हणायचं, "दाखव ना, मलाही बघू दे." आवाजात टोमणा नको. पोरांना तो आईबापांच्या श्वासातूनही कळतो.

मग आवाज बंद करून बघायचं. बासरी गेली की रीलचा निम्मा जोर जातो. आणि जिथे "पुरावा" झरकन सरकतो तिथे बोट दाबून धरायचं. तिसऱ्या मजल्यावर हेच केलं. दोन रिपोर्ट थांबवले, स्क्रीनशॉट काढला, मोठा केला. तिला एवढंच विचारलं, "हिमोग्लोबिन सोडून बाकी काय काय छापलंय?" मिनिटभर गप्प. मग ती म्हणाली, "पहिल्यावर वय १७ आहे. दुसऱ्यावर ३४!" लॅबही वेगळी. नावावर दोन्हीकडे काळा पट्टा, पण वय झाकायला विसरलेत. सात दिवसांत पोरगी सतरा वर्षांनी म्हातारी झाली, हिमोग्लोबिन मात्र वाढलं. ती जे हसली ना! त्या हसण्याने जे काम केलं ते आपल्या शंभर भाषणांनी झालं नसतं, कारण चोरी तिने स्वतः पकडली.

रिपोर्ट कुठलाही असो, नाव, वय, तारीख, लॅब, एकक आणि शेजारी छापलेली सामान्य मर्यादा, या सहा गोष्टी वाचायला शिकवा. पाच मिनिटं लागतात.

त्यानंतर दावा एका ओळीत वहीवर लिहायला लावायचा. आणि त्याखाली : ही रील माझ्याकडून काय करून घेऊ बघतेय? इथे उत्तर होतं, गोळी बंद कर, पावडर घे. काही खा म्हणणारी रील आणि चालू औषध बंद कर म्हणणारी रील यांना एका मापाने मोजायचं नाही. पहिली खोटी निघाली तर फार तर बीट वाया जातं. दुसरी खोटी निघाली तर पोरीचे पंधरा दिवस जातात. मधुमेहाचं इन्सुलिन, फिटची गोळी, दम्याचा पंप असेल तर पंधरा दिवसही हातात नसतात. "बंद करा" हा शब्द ऐकला की आधी माणसाला विचारायचं, हा नियम फ्रिजवर चिकटवा.

बीट वाईट नाही, मान्य. कोशिंबीर छान होते. पण जरा हिशेब करू, अकरावीच्या मुलीला हा हिशेब येतो. पंचेचाळीस किलोच्या मुलीत रक्त साधारण ३ लिटर. हिमोग्लोबिन एकाने वाढवायचं म्हणजे सुमारे ३० ग्रॅम नवं हिमोग्लोबिन, आणि एका ग्रॅमला लोह लागतं ३.४ मिलिग्रॅम. म्हणजे एका आकड्यासाठी १०० मिलिग्रॅम. रीलमधल्या चार आकड्यांसाठी ४००. आता पाव किलो बिटाच्या रसात लोह जेमतेम २ मिलिग्रॅम, त्यातलं अंगी लागतं दहावा हिस्सा धरा. सात दिवसांचं झालं दीड मिलिग्रॅमच्या आत. पाळी येणाऱ्या मुलीचा रोजचा खर्चच एक मिलिग्रॅमच्या वर असतो. गोळीनेसुद्धा एक आकडा वाढायला दोन ते चार आठवडे लागतात. हा हिशेब तिने फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर केला आणि खाली लिहिलं, "४०० ÷ ०.२ = २००० दिवस". पाच वर्षं बीट! तेही रोजचा खर्च न धरता.

आणि कोटवाल्याला हेही कळत नाही की हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी असं दर वेळी नसतं. पाळीत खूप रक्त जात असेल, पोटात जंत असतील, थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचा वाहकपणा असेल, गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल हा तसाच दुसरा दोष असेल. म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि लागलं तर फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी. डब्यातल्या पावडरला हे काय कळणार? तिला पाळी नऊ दिवस चालते आणि दोन तासांत पॅड बदलावा लागतो, हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा बाहेर आलं. रीलवर बोलता बोलता. तिच्या आईचे डोळे भरले. आईवर मी चिडलेच होते, पण तिला तरी हे तिच्या आईने कुठे सांगितलं होतं.

असो. शोधायचं कसं, ते मुलं चुकीचं करतात आणि मोठे त्याहून चुकीचं. "लोहाच्या गोळीने लिव्हर खराब" असं टाकलं की तेच म्हणणारी पानं समोर येतात. उत्तर आपण प्रश्नातच टाकलेलं असतं. "लोहाची गोळी शौचाचा रंग" असं साधं टाकायचं. रीलच्या आतच घुटमळायचं नाही, तिथल्या कमेंटमध्ये तर मुळीच नाही. दुसरी खिडकी उघडून बाहेरचे लोक याबद्दल काय म्हणतात ते बघायचं. मराठीत पहिल्या पाच ठिकाणी शब्दन् शब्द तेच सापडलं तर ते पाच पुरावे नव्हेत, एकाचीच पाच वेळा केलेली नक्कल आहे. मग तेच इंग्रजीत शोधायचं. एआयला विचारत असाल तर त्यालाही तसंच सरळ विचारा. "वाईट आहे ना?" म्हटलं तर तोही कधी कधी होयबा होतो.

मग विक्रेता. प्रोफाइलवर जा, लिंक कुठे जाते बघा, सवलतीचा कूपन कोड कुणाच्या नावाने आहे बघा. "डॉ." लिहिलंय तर कशाचे डॉक्टर? नोंदणी राज्याच्या मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नावाने तपासता येते. ऑगस्ट २०२३पासून जाहिरात नियामक संस्था एएससीआयचे नियम आहेत की आरोग्याबद्दल पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याने आपली पात्रता सांगायला हवी. या रीलमध्ये पात्रता म्हणजे कोट. डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर होता, आणि काका म्हणतात "बघा, सरकारमान्य!" काका, तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे. चिवड्याच्या पाकिटावरही असतो. त्याने चिवडा औषध होत नाही.

याची एक उलटी बाजू आहे आणि ती मला जास्त छळते. चार खोट्या रील पकडल्या की मुलं शेफारतात. "सगळेच फेकतात" म्हणायला लागतात आणि मग लसीलाही हेच लावतात. २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत काही पालकांनी व्हॉट्सॲप वाचून पोरांना त्या दिवशी शाळेत पाठवलं नव्हतं. २०२२ मध्ये गोवंडीत गोवराने लहान मुलं दगावली, ते मुंबईकरांना सांगायला नको. म्हणून सरावाला फक्त खोट्या रील घेऊ नका. तीन खोट्या, तीन खऱ्या. खरी म्हणून हमखास द्या ती जुलाबातलं मीठ-साखर-पाणी : एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. ही रील साधी, कंटाळवाणी, आजीच्या सल्ल्यासारखी दिसते, म्हणून मुलं तिला खोटी ठरवतात. मग तिचीच बिघडवलेली आवृत्ती द्या, जिच्यात मीठ आणि साखरेचे आकडे उलटे झालेत. सहा चमचे मीठ लहान बाळाच्या जिवावर बेतेल. खरी गोष्ट एका आकड्याने विष कशी होते ते मुलांना तिथे दिसतं.

राहिला ग्रुप. रील परत टाकून वर "हे खोटं आहे" लिहू नका. पुढचा माणूस व्हिडिओ उचलतो, तुमची ओळ मागे राहते. चिडून पाच वेळा बघू नका, फोनला तुमची चीड कळत नाही, त्याला वाटतं तुम्हाला आवडलंय. "स्वारस्य नाही" दाबा. उत्तर लिहायचं ते खऱ्यापासून सुरू करून खऱ्यावर संपवायचं, खोटं मध्ये एकदाच. आणि काकांचा पाणउतारा सगळ्यांसमोर नको. आधी त्यांना खासगीत. माणूस वाईट नाही, भाचीच्या काळजीने टाकतो. (हे लिहिताना दात खातेय, पण खरं आहे.)

तिसऱ्या मजल्यावरून दुपारी ग्रुपवर हे आलं, तिनेच लिहिलेलं : "लोहाच्या गोळीने शी काळी होते, ते नॉर्मल आहे. वरच्या रीलमध्ये त्यालाच लिव्हर खराब झालं म्हटलंय, त्यातल्या दोन रिपोर्टवरची वयं बघा. डांबरासारखी चिकट असेल किंवा चक्कर येत असेल तरच डॉक्टर. नाहीतर गोळी चालू ठेवा, चहासोबत घेऊ नका." चार आयांनी तिला खासगीत प्रश्न विचारलेत. ग्रुपवर एकीनेही नाही.

हे टाइप करेपर्यंत काकांनी काळ्या मनुकांची रील टाकलीसुद्धा. खाली तिचा प्रश्न दिसतोय, "काका, यातली लिंक कुठे जाते?"

काका टायपिंग करतायत. दहा मिनिटं झाली.