मोहोपाशी शिलारस का अडतो, थर कसे पडतात: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. मोहोपाशी शिलारस (मॅग्मा) अडतो आणि तिथे थरांवर थर साचतात, या मांडणीवर तुमचं म्हणणं असं: शिलारस कवचापेक्षाही हलका, मग तो कवच-प्रावरणाच्या सीमेवर, म्हणजे मोहोपाशी, थांबेल कशाला? थांबलाच तर थिजून एकसंध गॅब्रो, म्हणजे खोलवर थिजलेला भरड स्फटिकांचा गडद खडक, होईल, थर कुठून येणार? शिवाय भूकंपलहरींच्या आलेखात रेषा तीन-चारच दिसतात.

पहिली शंका रास्त आहे. प्रावरणाची घनता साधारण ३.३, खालच्या कवचाची २.९ ते ३.०, बेसाल्टी शिलारसाची २.७ ते २.८ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. मोहो ओलांडल्यावर वर ढकलणारा जोर निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो, पण संपत नाही. खरा अडसर तापमानाचा. सुमारे १२०० अंश सेल्सिअसचा शिलारस थंड खडकाच्या फटींत शिरला की प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन या खनिजांचे स्फटिक तिथेच धरतात, वाटा बुजतात. मागून येणारा शिलारस त्या झाकणाखाली आडवा पसरतो आणि शिलापट्ट (सिल), म्हणजे थिजलेल्या रसाची आडवी पट्टी, तयार होतो.

आता थिजण्याचा हिशेब. १०० मीटर जाडीच्या पट्टातली उष्णता केवळ वहनाने बाहेर पडायला सुमारे ८० वर्षं लागतात; भोवतालचा खडक आधीच तापलेला असेल तर आणखी. उलट १ मिलिमीटर त्रिज्येचा ऑलिव्हिन या जड खनिजाचा स्फटिक, रसाची श्यानता (दाटपणा) ५० पास्कल-सेकंद आणि घनतेतला फरक ०.५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरला, तर स्थिर रसात दिवसाला जवळपास २ मीटर खाली जातो. रस ढवळला जातो, स्फटिकांची दाटी होते, वेग घटतो. तरीही वेळ मुबलक आहे. तळाशी जवळपास निव्वळ ऑलिव्हिनचा खडक, ड्यूनाइट, साचतो, उरलेल्या रसाचा वर गॅब्रो होतो. पुढचा शिलारस याच गरम चळतीत घुसतो आणि क्रम पुन्हा सुरू होतो. ओमानमध्ये जमिनीवर आलेल्या प्राचीन सागरी कवचात ड्यूनाइटमधले गॅब्रोचे भिंगाच्या आकाराचे थर या सीमेपाशी उघडी दिसतात. तिथले सगळे थर मात्र स्फटिक बसूनच झाले असं मी म्हणणार नाही. खडकाचे भाग एकमेकांवरून घसरताना पडणाऱ्या ताणानेही तो पट्टेदार होतो.

रेषा मोजून पट्ट मोजता येत नाहीत. १० हर्ट्झची लहर ७ किलोमीटर प्रति सेकंद वेगाने जाते तेव्हा तरंगलांबी ७०० मीटर असते, म्हणून ३० मीटरचे पट्ट सुटे दिसत नाहीत. रेषा म्हणजे अनेक पट्टांचे एकत्र झालेले प्रतिध्वनी. त्यातही ताज्या ड्यूनाइटमधून प्राथमिक लहरी ८ किलोमीटर प्रति सेकंदाच्या आसपास जातात, म्हणजे प्रावरणासारख्याच. त्यामुळे शिलारसातून जन्मलेला हा भाग भूकंपशास्त्राच्या नोंदीत प्रावरणात जमा होतो आणि लहरींवरून ठरवलेला मोहो खडकांच्या प्रकारावरून ठरवलेल्या मोहोपेक्षा वर आखला जातो.