सभासद टिकविणे आहे

पुण्यात एखाद्या गृहस्थाला थांबवून "पाच मिनिटे वेळ आहे का?" असे विचारले की त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, त्याचा मी सध्या जवळून अभ्यास करीत आहे. आमच्या सेवाभावी क्लबाने मला सदस्यवाढ समितीचा अध्यक्ष नेमले असून समितीत माझ्याखेरीज दुसरे कोणीही नसल्यामुळे तिचे सर्व ठराव एकमताने संमत होतात. हनुमान टेकडीवर सकाळी फिरायला येणारी मंडळी आता मला लांबून ओळखतात आणि उतरण्याची वाट बदलतात. मी विमा विकतो, असा त्यांचा समज आहे. तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. १९१७ मध्ये शिकागोत लायन्स क्लबांची संघटना ज्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, ते मेल्विन जोन्स विमा व्यवसायातलेच होते. सदस्यवाढीचे काम कोणाला जमते, हे त्या काळीच ठरून गेले होते म्हणायचे.

टेकडीवरच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मात्र वाट बदलली नाही. त्यांनी माझे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सभासद झाल्यावर मला नेमके काय करावे लागेल?" त्यांच्यावर भार पडू नये म्हणून मी घाईघाईने म्हणालो, "काहीच नाही हो सर!" त्यावर ते म्हणाले, "ते मी सध्याही करतोच आहे, आणि वर्गणी न भरता."

याच शहरात एके काळी सभासदत्व मिळविण्यासाठी खटपट करावी लागत असे, हे आता सांगूनही कोणाला खरे वाटत नाही. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेत सभासद व्हायचे, तर किमान ५० लोकांनी सह्या केलेले मुखत्यारपत्र आणावे लागे. पुढे १९०५ च्या जूनमध्ये गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला, तिथे तर सात शपथा घेऊन दीर्घ उमेदवारी करावी लागे. त्याच वर्षी २३ फेब्रुवारीला पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने शिकागोत तिघा परिचितांना जमवून रोटरीची पहिली बैठक घेतली होती. त्या तिघांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक होता, आणि सुरुवातीची वहिवाट अशी होती की एका व्यवसायाचा एकच माणूस घ्यायचा. आमच्या क्लबाने ही वहिवाट लावली, तर सनदी लेखापालांपैकी एक ठेवून बाकी सगळ्यांना निरोप द्यावा लागेल आणि मग हिशेब वेळेवर होण्याचीही शक्यता निर्माण होईल.

रोटरीत ऑगस्ट हा सदस्यवाढीचा महिना मानतात. आमच्याकडे तो बारमाही असतो, पण त्याला खरी भरती येते ती जूनमध्ये. अशा क्लबांचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते आणि अध्यक्षही बहुधा एकाच वर्षाचा असतो. त्यामुळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मावळत्या अध्यक्षांना आपल्या कारकिर्दीतली सदस्यसंख्या आठवते आणि त्यांचे मेव्हणे, भाचे, जिममधले स्नेही आणि इमारतीचे रंगकाम घेतलेले ठेकेदार यांना एकाएकी समाजसेवेची ओढ लागते. हे सर्व ३० जूनला असतात आणि जुलै उजाडला की नसतात. खजिनदारांना ते अधिक काळ आठवतात, कारण मुख्यालयाची दरडोई वर्गणी जुलै आणि जानेवारी अशी वर्षातून दोनदा भरावी लागते आणि यादीतून नाव वेळेवर कमी केले नाही, तर रंगकामाच्या ठेकेदाराची सेवाभावना क्लबाच्या खर्चाने चालू राहते. हा प्रकार आमच्यापुरता नाही, एवढेच काय ते समाधान. रोटरीची जगभरातली सभासदसंख्या गेली वीसहून अधिक वर्षे १२ लाखांच्या आसपासच राहिली आहे. म्हणजे पुढच्या दाराने जेवढे येतात, जवळपास तेवढेच मागच्या दाराने जातात आणि दोन्ही दारांवर माझ्यासारखाच कोणीतरी हार घेऊन उभा असतो.

आणलेला माणूस जातो कसा, हे मी एका दंतवैद्यांच्या निमित्ताने अगदी जवळून पाहिले. त्यांना मी त्यांच्याच खुर्चीत पडल्या पडल्या आमंत्रण दिले होते. पुढचे सगळे प्रश्न त्यांनी माझ्या तोंडात आरसा आणि कापूस असताना विचारल्यामुळे वर्गणीचा आकडा माझ्याकडून सांगायचा राहिला, आणि ते आले. कर्वे रस्त्यावरच्या सभागृहात अध्यक्षांनी त्यांच्या कोटाला बोधचिन्हाची पिन लावली, पुष्पगुच्छ दिला, छायाचित्र काढले, ते काढताना सचिवांचे डोळे मिटले म्हणून पुन्हा काढले. मग डॉक्टर खाली येऊन दुसऱ्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीवर बसले. ती खुर्ची एका माजी अध्यक्षांची होती. तसे तिच्यावर लिहिलेले नव्हते, पण माजी अध्यक्ष जवळ येऊन काही न बोलता तिच्याकडे पाहत उभे राहिल्यावर डॉक्टरांना ते वाचता आले. ते तिसऱ्या रांगेत गेले, तिथे कोणाची तरी पिशवी होती. शेवटी ते मुलाकडच्या दूरच्या पाहुण्यासारखे खांबाजवळ बसले. वडे आले. जुन्या मंडळींची महाबळेश्वरच्या कुठल्याशा सहलीची आठवण निघाली, ज्यात गाडी बंद पडते आणि सगळे हसतात. डॉक्टरही हसले, पण अर्धा क्षण उशिरा. पुष्पगुच्छाचे काय करायचे ते न कळल्यामुळे त्यांनी तो मांडीवर धरून एका हाताने वडा खाल्ला. कोणी वाईट वागले म्हणून माणसे क्लब सोडत नाहीत; त्यांच्याशी कोणी कसेच वागत नाही, म्हणून सोडतात.

आमच्या अध्यक्षांचे यावरचे निदान वेगळे आहे. आजच्या तरुणांना वेळ नाही, असे ते प्रत्येक सभेत सांगतात आणि सांगताना खिडक्या लावून घ्यायला लावतात, कारण नदीपात्राच्या बाजूने ढोल-ताशा पथकांच्या सरावाचा आवाज येत असतो. वेळ नसलेली हीच मुले-मुली गणपतीच्या आधी दोन-दोन महिने कचेरी सुटल्यावर रोज संध्याकाळी पावसात आणि चिखलात उभी राहतात, हाताला फोड आणतात आणि कित्येक ठिकाणी वर पैसेही भरतात. तिथे आल्या आल्या हातात टिपरू देतात. आम्ही पुष्पगुच्छ देतो. स्त्रियांच्या बाबतीतही या संघटनांना काम आणि सभासदत्व यांची सांगड घालायला बराच काळ लागला. लायन्सनी १९८७ मध्ये आणि रोटरीने १९८९ मध्ये त्यांना सभासद म्हणून दार उघडले. त्याआधी रक्तदान शिबिराचा उपमा कोण करीत होते, याची नोंद कुठल्याही इतिवृत्तात सापडत नाही.

आमच्या क्लबात एकच गृहस्थ असे आहेत, की त्यांना टिकविण्यासाठी कोणालाही कधी काही करावे लागले नाही. ते निवृत्त अभियंता असून आमच्या रुग्णसाहित्य केंद्राची किल्ली त्यांच्याकडे असते. चाकांच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, डोके उचलता येणारे लोखंडी पलंग आणि हवेच्या गाद्या असा तिथला संसार आहे, आणि अनामत घेऊन ते सगळे गरजूंना वापरायला दिले जाते. हे काका सभांना येत नाहीत, कारण ऐन सभेच्या वेळी कोणाची तरी आजी रुग्णालयातून घरी यायची असते. दर जूनमध्ये ते राजीनाम्याचे पत्र देतात आणि त्यात "किल्ली कोणाकडे द्यावी, ते कळवावे" असे लिहितात. ते कोणीच कळवीत नाही. मध्यंतरी त्यांच्या पत्नीने मला फोनवर सांगितले, "अहो, रात्री साडेदहाला लोक कमोडच्या खुर्चीसाठी बेल वाजवतात. मी यांना म्हणते, सोडा आता. तर म्हणतात, त्या खुर्चीचा मागचा पाय जरा हलतो, तो मलाच माहीत आहे."

त्या हलणाऱ्या पायावर मी बराच विचार केला आणि कार्यकारिणीपुढे असा प्रस्ताव ठेवला, की स्वागताचे पुष्पगुच्छ बंद करावेत आणि साहित्य केंद्राला एकाऐवजी पाच कुलपे करावीत, म्हणजे खुर्च्यांची किल्ली एकाकडे, पलंगांची दुसऱ्याकडे, अशी ती नव्या सभासदांना वाटता येतील. यावर पाऊण तास चर्चा झाली. माजी अध्यक्षांनी पाच कुलपांमुळे शिस्त बिघडेल असे मत मांडले, सचिवांनी किल्ली प्रदान करतानाचे छायाचित्र काढावे अशी दुरुस्ती सुचविली, आणि काकांनी आयुष्यात प्रथमच सभेला येऊन विरोध नोंदविला. अखेर प्रायोगिक तत्त्वावर फक्त हवेच्या गाद्यांचे कपाट वेगळे करून त्याची किल्ली दंतवैद्यांकडे देण्यात आली.

परवा रात्री जेवताना डॉक्टरांचा फोन आला. कोथरूडमध्ये कोणाच्या तरी चौथ्या मजल्यावरच्या घरी ते गादीचा पंप घेऊन बसले होते. पंप चालू होता, पण गादी फुगत नव्हती, आणि काका फोन उचलत नव्हते. मी म्हटले, "राहू द्या डॉक्टर, सकाळी बघू." त्यावर ते माझ्यावर जवळजवळ ओरडलेच, "सकाळी कसे बघू? आजोबांच्या पाठीला जखम होते आहे!" मग बऱ्याच वेळाने त्यांचा संदेश आला की नळी उलट्या बाजूला लागली होती, आणि साहित्य परत घेताना नळी तपासण्याची आपल्याकडे पद्धत का नाही, याबाबत ते पुढच्या सभेत जाब विचारणार आहेत.

त्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय दुसरा आहे. पहिला विषय खजिनदारांचा आहे: नव्या कुलपाचे बिल साहित्य खात्यात टाकावे की सदस्यवाढ खात्यात. माझ्या समितीने ते साहित्य खात्यात टाकावे, असे एकमताने कळविले आहे.